मुदतीबाहेरची गोगलगाय

प्राणीही कोर्टकचेऱ्या करत होते, त्या काळची ही गोष्ट. वरचं कोर्ट टेकडीवर भरायचं आणि तिथे हत्ती न्यायाधीश होता.

तळ्याकाठची गोगलगायीची ओली जागा खालच्या कोर्टात बगळ्याने खेकड्याला देऊन टाकली. गोगलगाय अपील घेऊन टेकडीवर पोहोचली. हत्तीने फक्त तारीख पाहिली.

"मुदत तीस दिवसांची. आज एकेचाळिसावा दिवस. अपील फेटाळलं."

"साहेब, निकाल लागला तशीच निघाले होते..."

"पुढचं प्रकरण!"

संध्याकाळी हत्ती पाणी प्यायला निघाला. वाटेत दगडांवरून, काट्यांमधून एक चंदेरी रेघ चमकत होती. ती कुठेच तुटलेली नव्हती. तिच्या कडेने चालत तो अर्ध्या तासात थेट तळ्यावर, बगळ्याच्या कोर्टापाशी पोहोचला. त्याला पाणी गोड लागेना. तो तसाच माघारी फिरला.

गोगलगाय अजून कोर्टाची पहिलीच पायरी उतरत होती.

"बाई, मी दिवस मोजले, वाट मोजली नाही," हत्ती मान खाली घालून म्हणाला. "तुमचं अपील ऐकतो. उद्या सकाळी तळ्याकाठी सुनावणी. वेळेवर या."

गोगलगायीने मान वळवून खाली दूरवर चमकणाऱ्या तळ्याकडे पाहिलं.

हत्तीचे कान गळाले. त्याने गुडघे टेकले आणि सोंड तिच्यापुढे जमिनीला लावली.