भुरी म्हैस आणि बगळ्याचे नियम

फार मागं, जनावरं एकमेकांशी सरळ बोलायची तेव्हाची गोष्ट. भुरी नावाची एक म्हैस होती. शेळी तिला एकदा म्हणाली, "मावशी, तुमच्यापायी गोठ्याचं दार रुंद करावं लागणार बघा." ते भुरीच्या मनाला फार लागलं.

तळ्यावरचा बगळा म्हणाला, "बारीक व्हायचंय ना? माझे नियम पाळा. फी एवढीच, की रोज चिखल तुडवायचा. बेडूक वर आले की ते माझे."

भुरीनं नियम पाळायला घेतले. हिरवं गवत हवं तेवढं खायचं, वाळलेलं गवत वर्ज्य, पण तळ्याकाठचं हिरवं गवत वाळलेल्यात धरायचं. कडबा फक्त सकाळी खायचा, पण ऊन पाठीवर आलं की संध्याकाळ झाली असं समजायचं. पेंड बंद, मात्र पेंड सोडल्याच्या आनंदात मंगळवारी थोडी पेंड. भुरी घास तोंडात धरून विचार करत उभी राहायची, तोवर नियम बदललेला असायचा.

महिन्याभरात भुरीच्या बरगड्या दिसू लागल्या, आणि बगळ्याला उडताना धाप लागू लागली. एके दिवशी तिचं रेडकू आचळांना ढुशा देऊन देऊन थकलं आणि रडत खाली बसलं. दूध आटलं होतं.

"बगळेबुवा, याच्या दुधासाठी काय नियम?" भुरीनं विचारलं.

"रेडकाचा तक्ता वेगळा. त्याचे बेडूकही वेगळे."

भुरी तिथून वळली. गोठ्यात जाऊन तिनं पेंड कालवलेल्या आंबोणाच्या पाटीत तोंड घातलं.

"अहो, आज उपास आहे," बगळा मागून ओरडला.

"हो," भुरी चावता चावता म्हणाली, "आजपासून तुमचा."