घोरपडीचा उपास

एका डोंगराच्या पायथ्याशी, जिथे जंगल संपून भुईमुगाची शेते सुरू होतात, तिथे साळिंदरांचे एक कुटुंब राहत असे. बाप, आई आणि त्यांची एकुलती एक लेक. त्यांचे बीळ फार जुने होते. आत ते चांगले ऐसपैस होते, पण तोंडाशी दोन्ही बाजूंना दोन काळे दगड होते. ते उकरता येत नसत आणि हलवताही येत नसत. मुलांनो, तुम्हाला वाटेल, ही मोठीच अडचण. साळिंदरांना तसे वाटत नसे. एवढ्या अरुंद तोंडातून बिबट्या आत येऊ शकत नाही. येतो तो फक्त त्याचा पंजा, आणि पंजावर त्यांच्याकडे उपाय होता.

तो उपाय म्हणजे त्यांची एक रीत. पहाटे चरून परतले की लहानाने आधी आत जायचे आणि घरातल्या थोरल्याने सर्वांत शेवटी. थोरल्याने पुरते आत जायचे नाही. तोंड आत करून, मागचे अंग दोन दगडांच्या मध्ये ठेवून, काटे उभारून ऊन वर येईपर्यंत तिथेच बसायचे. काटे दोन्हीकडच्या दगडांना भिडले की बीळ बंद झाले. याला ते दार लावणे म्हणत. या घरात दार बाप लावत असे. त्याच्याआधी त्याचा बाप लावत असे.

एका वर्षी भुईमूग अमाप आला. काढणी झाली तरी जमिनीत इतक्या शेंगा राहिल्या, की नुसता पाय मारला तरी तोंड भरावे. बाप खात राहिला. आई एकदोनदा म्हणाली, की आता आवरा, चालताना धाप लागायला लागली आहे. बाप म्हणे, चार दिवसांचे तर पीक, मग आहेच वर्षभर साल कुरतडणे. हळूहळू त्याचे पोट दगडांना घासू लागले. पुढे पुढे तो श्वास रोखून आत सरकू लागला. त्याची ती खटपट पाहून आई आणि लेक हसत, आणि बापही हसे.

अशाच एका पहाटे बिबट्या मागे लागला. लेक धावत आत गेली. तिच्यामागून आईने शिरायचे होते. पण बाप उभ्या उभ्या धापा टाकत होता. आईने त्याच्याकडे पाहिले आणि ती बाजूला झाली.

"तुम्ही व्हा पुढे," ती म्हणाली. "आज मी लावते दार."

बाप नको म्हणाला नाही. तो पुढे झाला आणि दोन दगडांमध्ये अडकला. डोके आत, पोट बाहेर. त्याला पुढे सरकता येईना आणि मागे वळून पाहताही येईना. आईने बिबट्याकडे पाठ केली आणि उघड्यावर उभी राहून काटे उभारले. त्या काट्यांची खुळखुळ त्याला ऐकू येत होती. बराच वेळ येत होती. मग ती थांबली.

दुपारपर्यंत बाप तसाच होता. श्वास सोडत सोडत, तसूतसूने तो आत आला तेव्हा लेकीने एवढेच विचारले, "आई?" बाप तोंड फिरवून मातीत पडून राहिला. 

त्या दिवसापासून बापाने अंग कमी करायला घेतले. शेंगा आणि रताळी बंद केली. अर्ध्या पोटाने उठायचे, झाडांच्या साली आणि रानातली मुळे खायची, जुनी हाडे चघळायची, आणि रोज एक टेकडी जास्त चालायची. तो कोणाला सांगत नसे, पण किती कमी झाले ते रोज बिळाशी येऊन पाही. हिवाळा गेला, तेव्हा पोट दोन्ही दगडांना घासत होते. उन्हाळ्यात एकाच दगडाला घासू लागले. पावसाळा लागला तेव्हा चालत आला तर तो सहज आत शिरे आणि दार नीट लागे. पण पळत आला, धाप लागलेली असली, की पोट फुगे आणि तो घटकाभर तरी अडके. बिबट्या आला तर चालत येणे होणार नाही, हे त्याला माहीत होते. आणि आता मागे उभे राहायला आई नव्हती, आत एकटी लेक होती.

त्यानंतर मात्र कमी होणे थांबले. सगळा पावसाळा तो तेवढेच खात राहिला, तेवढेच चालत राहिला, आणि दगड तितकेच लागत राहिले. वाटेवर एक कोल्हा बसलेला असे. बापाला पाहिले की तो विचारी, "काय पाहुणे, आज दारानं आत घेतलं का?" बाप मान खाली घालून निघून जाई.

पावसाळा संपता संपता एका संध्याकाळी बापाला एक घोरपड भेटली. ती तापलेल्या खडकावर पसरली होती. त्याची चाहूल लागताच ती शेजारच्या फटीत शिरली. ती फट एवढीशी होती, की बाप पाहतच राहिला. त्याने तिला बाहेर बोलावले आणि अंग असे सडपातळ कसे राहते ते विचारले.

"मी एकदा खाते आणि पाचसहा दिवस तोंडाला काही लावत नाही," घोरपड म्हणाली. "माझं असं आहे. तुमचं मला ठाऊक नाही."

तिचे शेवटचे वाक्य बापाला ऐकू आले नाही, किंवा ऐकू येऊनही त्याने ते सोडून दिले. घरी येऊन त्याने लेकीला सांगितले, की उद्यापासून मी चार दिवस उपास करणार आणि पाचव्या दिवशी खाणार.

"बाबा, ती घोरपड आहे," लेक म्हणाली.

"मग?"

"ती उन्हात पडून असते. आपण मैलोन्‌मैल चालतो. तिला काटे वाढवायचे नसतात."

बापाने तिला बरेच काही समजावले. अर्ध्या पोटाने इथवर आलो हे खरे, पण आता ते पुरत नाही. आणखी किती महिने वाट पाहायची? बिबट्या काय आपल्यासाठी थांबून राहणार आहे? लेक तरी मान डोलवीना. तेव्हा तो हळूच म्हणाला, "त्या दिवशी मी हलका असतो तर..."  त्या घरात या वाक्यापुढे कोणाला काही बोलता येत नसे.

पहिले दिवस कठीण गेले. लेक शेतात उकरून खाई आणि बाप बांधावर तोंड फिरवून बसे. पण अंग झरझर उतरू लागले. वर्षभरात जे झाले नाही ते महिन्याभरात झाले. एके दिवशी तो दूरच्या एका सागाच्या झाडापासून पळत सुटला आणि सुळकन बिळात गेला. एकही दगड लागला नाही. त्याला खरे वाटेना. तो बाहेर आला आणि पुन्हा पळाला. असे त्याने सात वेळा केले.

कोल्हा हे पाहत होता. "पाहुणे, दार मोठं झालं की तुम्ही लहान?" त्याने विचारले. मग तो मान वाकडी करून बिळाच्या तोंडाकडे पाहत म्हणाला, "आता तुम्ही दारात बसलात तरी तुमच्या शेजारून मीसुद्धा आत येईन म्हणतो."

वर्षभरात पहिल्यांदाच बाप हसला. ही त्याला शाबासकी वाटली. आत जाऊन त्याने लेकीलाही ती हौसेने सांगितली. लेक हसली नाही.

ती काही दिवस वेगळेच पाहत होती. बाप झोपून उठे त्या जागी रोज गळलेले काटे पडलेले असत. आधी एकदोन, मग पाचसहा. आणि पूर्वी दार लागले की बिळात काळोख होई. आता बाप दारात बसला तरी त्याच्या दोन्ही अंगांनी उजेड आत येत असे.

"बाबा, आता पुरे," ती म्हणाली. "खायला लागा. उजेड येतोय आत."

बाप म्हणाला, की अडकून पडण्यापेक्षा उजेड आलेला बरा. थोडे आणखी उतरू दे, म्हणजे पुन्हा वाढले तरी चिंता नाही.

"मग दार मी लावते. मी भरले आहे आता अंगानं."

बापाला ते लागले. "मी असताना? वर्षभर हे कुणासाठी करतोय मी?"

"माझ्यासाठी," लेक म्हणाली.

मुलांनो, बाप मूर्ख नव्हता. लेकीचे म्हणणे त्याला कळत होते. पण आता त्याला बिबट्याहून जास्त भीती शेंगांची वाटू लागली होती. एक मूठ खाल्ली तर पुन्हा तसेच होईल, पुन्हा तो त्या दगडांमध्ये अडकेल आणि मागे खुळखुळ ऐकू येईल, असे त्याच्या मनाने घेतले होते. शिवाय बिबट्या कधीतरी येई, भूक मात्र रोज येई. रोज येणाऱ्या वैऱ्याला रोज हरवण्यात त्याला समाधान मिळू लागले होते. पाचव्या दिवसाचे जेवण सहाव्यावर गेले, मग आठव्यावर.

हिवाळ्याच्या तोंडी, धुके पडलेल्या एका पहाटे बिबट्या आला. बापाच्या उपासाचा तो सहावा दिवस होता. लेक पुढे पळाली आणि आत गेली. बापाचे पाय लटपटत होते, तरी तो पोचला आणि सुळकन आत शिरला. पळत येऊनही कुठेच अडकला नाही. वर्षभर त्याने जे मागितले होते ते त्याला त्या क्षणी मिळाले.

त्याने पाय रोवले आणि काटे उभारले. उभारण्याजोगे फार थोडे उरले होते. डावीकडून पंजा आत आला. बाप डावीकडे सरकला, तेव्हा उजवीकडे फट पडली. तो उजवीकडे सरकला, तेव्हा डावी बाजू उघडी पडली. तिसऱ्या वेळी नखे त्याच्या मांडीत रुतली. त्याने जमीन धरायचा प्रयत्न केला, पण पायांत धरून ठेवण्याएवढे बळ नव्हते. माती त्याच्याबरोबरच सरकू लागली.

लेकीने त्याचा पुढचा पाय दातांत घट्ट पकडला आणि ती आत ओढू लागली. बाप मागे जात होता आणि त्याच्याबरोबर तीही दाराकडे ओढली जात होती. बापाने ते पाहिले.

"सोड," तो म्हणाला. "वळ आणि दार लाव."

लेक सोडीना.

"सोड, पोरी. फट राहिली आहे."

तिने सोडले. बाप बाहेर गेला आणि ती वळली. तिने मागचे अंग दोन दगडांच्या मध्ये ठेवले आणि काटे उभारले. ते दोन्हीकडे भिडले आणि बिळात काळोख झाला. पंजा एकदा दारावर आला, काटे रुतले तसा परत गेला. बाहेर जे चालले होते त्याकडे लेकीची पाठ होती. तिला फक्त ऐकू येत होते. थोड्या वेळाने तेही थांबले.

ऊन वर आले, माध्यान्ह टळली, तरी ती जागची उठली नाही. दिवस मावळायला आला तेव्हा तिला भूक लागली. आज ती लागणार नाही असे तिला वाटले होते. ती बाहेर आली आणि शेताच्या वाटेला लागली. काढणी नुकतीच झाली होती. तिने पाय मारला तशा मातीतून शेंगा वर आल्या. त्या गोड होत्या. गोड लागतात याची तिला लाज वाटली, तरी पोट भरेपर्यंत ती खात राहिली. पोट भरल्यावर ती थांबली.

तात्पर्य : नुसते कमी होण्याच्या नादी लागले, की कशासाठी कमी व्हायचे होते ते हातून निसटते. दुसऱ्याच्या शरीराचा नियम आपल्या शरीराला लावू नये, आणि आपल्यावर जीव असणारे कोणी 'आता पुरे' म्हणाले, तर तिथे थांबावे.