चकचकीत धक्का

त्या राज्यात एकच तळं होतं आणि तळ्याला होड्या लागायचा एकच लाकडी धक्का होता. राजाची होडी तिथे वर्षातून एकदा यायची, म्हणून धक्का वर्षातून एकदाच घाण झाला आहे असं ठरायचं.

राजा पाणकोळी होता, चोचीखाली भलीमोठी झोळी असलेला. धक्क्याचा कारभार बगळ्याकडे होता. यंदा फळ्यांवर शेवाळ इतकं माजलं होतं की पाहणी करताना बगळा दोनदा घसरला, आणि दोन्ही वेळा आपण मुद्दामच वाकलो होतो असं त्याने सांगितलं.

फळ्यांखालच्या सावलीत एका मरळ मासोळीची पिल्लं नुकतीच पोहू लागली होती. धक्का धुताना घाण पिल्लांवर पडू नये, हे सांगायला बगळ्यासमोर जाणं मासोळीला कसं परवडणार? तिने सुतार कासवाला मध्ये घातलं.

"फळ्या काढून काठावर नेऊ," कासव बगळ्याला म्हणालं. "काथ्याने साध्या पाण्यात घासू, तेलाचा हात देऊ, पुरत्या वाळल्या की बसवू. आठ दिवस द्या, बगळेराव. तळ्यात थेंब पडायचा नाही."

"घासलेलं कुणाला दिसतं, बुवा? चमकलेलं दिसतं."

बगळ्याने तिथल्या तिथे हुकूम काढला: उद्याच धक्क्यावर साबणसोड्याची पिंपं ओतायची. वरून रोगण.

त्याच संध्याकाळी कासव धक्क्याखाली शिरलं आणि मरळ आपला घोळका घेऊन त्याच्या पोटाआडून वरच्या झऱ्याच्या तोंडाशी गेली. तिचं पाहून बाकीचे मासेही निघाले. तिची चार पिल्लं मागे राहिली. त्यांचं फार वाईट वाटतं, पण पिंपं काही थांबली नाहीत.

धक्का असा लखलखला की कावळे त्यात पाहून पिसं सारखी करू लागले. खालचं पाणी पांढरंफेक झालं. बगळ्याने राजाला कळवलं की पाणी इतकं स्वच्छ राखलं आहे, आत मासासुद्धा दिसत नाही. राजाला ते फार आवडलं.

होडीतून उतरताच राजाने तळ्यातून पहिला घास घ्यायचा आणि त्यातलाच दरबाराला वाटायचा, अशी तिथली रीत होती. राजाने चोच बुडवली, झोळी भरून वर काढली आणि प्रत्येकाच्या पुढ्यात फेसाचा एकेक गोळा ठेवला. सगळे बगळ्याकडे पाहू लागले. बगळ्याने मान उंच करून आपला वाटा गिळला.

"चव कशी आहे?" राजाने विचारलं.

उत्तम म्हणायला बगळ्याने चोच उघडली. आतून एक मोठा गोल बुडबुडा निघाला आणि राजाच्या डोळ्यांसमोर तरंगत राहिला.