टिटवीच्या पावलाची सुरी

पूर्वी वाराणसीत एक राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व गंगेकाठच्या लोहारांच्या गावात, एका लोहाराच्या घरी जन्मला. त्याचे नाव संवर. त्या गावावर सकाळी बराच वेळ धुके रेंगाळत असे. पैलतीराहून येणाऱ्या नावाड्यांना किनारा दिसण्याआधी ऐरणींचा आवाज ऐकू येई, आणि त्या आवाजाच्या रोखाने ते नाव आणीत.

संवर सुऱ्या घडवी. प्रत्येक पात्यावर, मुठीच्या जवळ, तो टिटवीच्या पावलाचा ठसा मारी, तीन बोटे पुढे पसरलेली. लोखंडाच्या पोटात काय आहे ते कोणाला दिसत नाही. चांगली सुरी आणि वाईट सुरी बाजारात शेजारी मांडल्या तर दोन्ही चमकतात. वाईट अंमळ जास्तच. म्हणून माळी, चर्मकार, सुईणी, नावाडी असे सगळे पाते उलटून आधी ते पाऊल शोधीत आणि मग निश्चिंत मनाने सुरी कमरेला खोचीत.

यातली एक अडचण फक्त लोहारांना ठाऊक होती. ठसा मारायचा तो लोखंड लाल आणि मऊ असताना. मग पात्याला पाणी देतात, म्हणजे तापलेले पाते पाण्यात बुडवून कडक करतात. त्यानंतर ठसा उठत नाही. म्हणजे सुरी कशी निघाली हे कळण्याआधीच तिच्यावर लोहाराची खूण बसलेली असते. म्हणून संवर प्रत्येक सुरी ओंडक्यात खुपसून वाकवून पाही. पुन्हा सरळ झाली तर विकी, मोडली तर भट्टीत टाकी.

एकदा त्याच्या ठशाच्या मधल्या बोटाचे टोक उडाले. नवा ठसा होईपर्यंत त्याने त्या थोट्या ठशानेच अकरा सुऱ्या केल्या. शेवटच्या सुरीला पाणी देऊन झाले आणि धुक्यातून हंसांचा थवा गेला. पंख ऐकू येत होते, हंस दिसत नव्हते. बोधिसत्त्व झाला तरी माणूसच तो. हातातले काम तसेच ठेवून तो ऐकत उभा राहिला, आणि कितीतरी वेळ त्याला आपण कोठे आहोत याचे भान नव्हते. आवाज विरला तेव्हा ऊन पडले होते. अकराही सुऱ्या वाकवून पाहिल्या आहेत असे त्याला वाटले, आणि त्या बाजारात गेल्या.

त्याच गावात कालक नावाचा लोहार होता. हात चपळ, पण धीर म्हणून नाही. त्याने टिटवीच्या पावलाचा हुबेहूब ठसा कोरून घेतला होता आणि आपल्या कच्च्या सुऱ्या तो संवरच्या म्हणून खपवी.

पुढे पावसाळ्यात सोणक नावाच्या नावाड्याची नाव पुरात सापडली. नांगराचा दोर खडकात अडकला होता. तो कापायला त्याने टिटवीच्या पावलाची सुरी चालवली, ती मोडली आणि नाव उलटली. सोणक वाचला. त्याचा धाकटा भाऊ वाहून गेला.

सोणक मोडकी सुरी घेऊन राजाकडे गेला. संवरची सुरी मोडेल यावर कोणाचा विश्वास बसेना, म्हणून लोहारांच्या गावात झडती झाली, कालकाच्या घरी खोटा ठसा सापडला, आणि अमात्याने सुरी निरखून सांगितले, "महाराज, या पावलाचे मधले बोट आखूड आहे. संवरच्या ठशात असे कधी असत नाही. ही कालकाचीच."

कालक रडत म्हणाला, "देवा, मी लबाडी केली, नाही म्हणत नाही. पण माझ्या ठशाची तिन्ही बोटं पुरी आहेत हो! ही सुरी माझी नाही." चोराचे कोण ऐकतो? खूण मारून विकलेल्या मालाने कोणाचा जीव गेला तर तो करणाऱ्याचा उजवा हात तोडावा असा त्या राज्याचा कायदा होता. राजाने केवळ रीत म्हणून संवरला बोलावले.

संवरने सुरीचे तुकडे हातात घेतले. मोडलेल्या जागी लोखंडाचा दाणा जाड होता. पाते जास्त तापले होते. मधले बोट आखूड होते. आणि त्याला ते धुके आठवले, पंखांचा आवाज आठवला. आपण ती सुरी वाकवून पाहिलीच नव्हती! गप्प राहिले तर नाव राहणार होते, हातही राहणार होता. जाणार होता तो एका लबाडाचा. सभेत कोणी हळहळलेही नसते.

"महाराज," तो म्हणाला, "ही सुरी माझी आहे. ठसा माझाच, तेव्हा तुटका होता. मी ती न पाहता विकली." आणि त्याने उजवा हात पुढे केला.

कायदा सर्वांना सारखा, म्हणून राजाने जड मनाने सोणकाकडे पाहिले. सोणक पुढे आला. मग त्याने संवरला विचारले, "अशा किती केल्यास?"

"अकरा."

"म्हणजे दहा अजून कोणाच्या ना कोणाच्या कमरेला आहेत. महाराज, याचा हात तोडलात तर माझा भाऊ परत यायचा नाही. पण त्या दहा कोण शोधणार? ज्याने केल्या त्यानेच त्या शोधायला हव्यात."

राजाला ते पटले. कालकाचा ठसा गंगेत टाकला गेला आणि संवर दहा सुऱ्या शोधायला निघाला.

गावोगाव, घाटोघाट तो फिरला. कितीतरी सकाळी तो धुक्यातच चाले, आणि समोरून येणाऱ्या माणसाच्या कमरेकडे आधी पाही. एका बागेत म्हाताऱ्या माळिणीने सुरी द्यायला साफ नकार दिला. "पाऊल आहे की हिच्यावर! चांगली सुरी कशाला मोडू?" संवरने ती ओंडक्यात वाकवली, तशी ती काडकन तुटली. म्हातारीच्या डोळ्यांत पाणी आले. "मग बाबा, आम्ही काय बघून घ्यायचं?"

"पाऊलच बघा, आजी," संवर म्हणाला. "सुरी मोडणारच नाही असे ते सांगत नाही. मोडली तर कोणाच्या दारात यायचे, ते सांगते. मी आलो आहे." आणि त्याने तिला नवी सुरी दिली.

पुढच्या पावसाळ्याच्या तोंडापर्यंत नऊ सुऱ्या मिळाल्या. दहावी घेऊन कालक संवरच्या भट्टीपाशी आला. तो न सांगता वर्षभर शोधत हिंडला होता. सुरी पुढे ठेवून खाली मान घालून तो म्हणाला, "दादा, मला माझा स्वतःचा ठसा करून द्या. पण खूण कसली घेऊ? माझी खूण बघून कोण घेणार?"

बोधिसत्त्व म्हणाला, "खूण कसलीही घे. ती पाहून उद्या कोणी मोडकी सुरी घेऊन, रडत तुझ्या दाराशी आला, तर दार उघडशील ना?"

कालकाने मान हलवून होकार दिला. मग त्याने ठसा कोरायच्या लोखंडासाठी हात पुढे केला.

ही कथा भिक्षूंना सांगणारे त्यांचे गुरू, शास्ते, एवढे सांगून थांबले आणि म्हणाले, "भिक्षूंनो, त्या वेळचा कालक म्हणजे काल दुसऱ्याच्या भिक्षापात्रावरची खूण घासून आपली करणारा, आणि आज सकाळी ते पात्र स्वतःहून परत नेऊन देणारा हा मागे बसलेला भिक्षू. ज्याचा भाऊ गेला तो सोणक म्हणजे विहाराच्या दाराशी पाणी भरणारा वृद्ध उपासक. आणि ज्याने सुरी न पाहता विकली, तो लोहार मीच होतो." असे सांगून त्यांनी सत्यपारमिता, म्हणजे सत्याची परिपूर्णता, समजावली.