मशीनला जुळणारा टीव्ही

कारळेवाडीत केरबा नावाचा एक भोळा माणूस राहायचा. इतका भोळा, की 'जरा पाय मोकळे करून या' म्हटलं की चपला काढून ओट्यावर बसायचा. कुणी काही सांगितलं की अक्षर न् अक्षर पाळायचा. पाळायचा आणि घोटाळा करायचा.

त्याची आई सोनाबाई. तिला कमी ऐकू यायचं, म्हणून तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनी दोन्ही कानांत घालायचं मशीन दिलं होतं. समोरच्या माणसाचं बोलणं तिला आता कळायचं. टीव्हीचं मात्र काही केल्या कळेना. आवाज वाढवला की नुसता गोंगाट, आणि शेजारचे भिंत बडवायला लागायचे. त्यात येत्या शनिवारी तिची नात, केरबाची सारिका, टीव्हीवर दिसणार होती. कबड्डीची फायनल होती. म्हातारीचा एकच हट्ट.

"पोरीचं नाव पुकारलेलं मला माझ्या कानानं ऐकायचंय."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मग मशीनशी जुळणारा टीव्ही घ्या. त्याचा आवाज थेट कानात येतो."

केरबाची बायको हिरा हुशार. पण तिचा पाय प्लास्टरमध्ये. जाणार कोण? केरबाच.

"अहो, आत्याबाईंचं मशीन बरोबर न्या," हिरा सासूकडे बघत म्हणाली. "त्याला जुळणारा टीव्ही बघा आणि घेऊन या."

केरबा तालुक्याला गेला. मुल्लाणीभाईंच्या दुकानात एकेका टीव्हीला मशीन लावून बघितलं. एक डोळा मिटून बघितलं. दारात उजेडाला नेऊन बघितलं. रिकाम्या हातानं परत आला.

"एकही जुळत नाही. मशीन गव्हाळ, टीव्ही सगळे काळे."

हिरानं कपाळावर हात मारला. "अहो, रंग नाही जुळवायचा! मशीनला बिनतारी जोडता येतो का, ते बघायचं. तार नको!"

"असं होय. तार नको."

दुसऱ्या दिवशी केरबा पुन्हा दुकानात. मुल्लाणीभाईंनी हौसेनं एक टीव्ही पुढं केला. "हा न्या. मशीनला बिनतारी जोडला जातो."

केरबा मागच्या बाजूला गेला. वाकला. "ही काय लोंबतेय?"

"ती विजेची वायर."

"मग नको. तार नको म्हणून सांगितलंय."

"अहो, विजेशिवाय टीव्ही चालेल कसा?"

"ते मला माहीत नाही."

केरबानं दुकानातले सगळे टीव्ही फिरवून बघितले. सगळ्यांना शेपूट. जाता जाता त्यानं छताच्या पंख्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, "भाई, ह्यालासुद्धा तार आहे. कुणीतरी तुम्हाला फसवलंय."

घरी हिरानं पुन्हा कपाळावर हात मारला. "विजेची तार लागणारच! टीव्हीपासून कानापर्यंत तार नको. आता काही बघूच नका तुम्ही. टीव्ही चालू करायला सांगायचा, मशीन कानात घालायचं, नीट ऐकू आलं की उचलायचा."

"हे सोपं आहे," केरबा म्हणाला.

तिसऱ्या दिवशी त्यानं दुकानाच्या पायरीवरच मशीन कानात घातलं. स्वतःच्या. पहिलाच टीव्ही लावला. बातम्या सांगणारी बाई खणखणीत बोलत होती.

"हाच द्या."

"केरबाराव, हे जुनं मॉडेल आहे. ह्याला तुमचं मशीन जोडताच येत..."

"ओरडू नका भाई. ऐकू येतंय मला."

टीव्ही घरी आला. म्हातारीनं मशीन घातलं, कान पुढे केला, मान हलवली. एक शब्द कळेना. हिरानं विचारलं, "दुकानात मशीन कुणाच्या कानात घातलं होतं?"

"माझ्या."

"तुम्हाला तर मशीनशिवाय ऐकू येतं! अहो, ज्याला ऐकू येत नाही, त्याला मशीन घालायचं. एवढं एक तरी डोक्यात ठेवा!"

केरबानं डोक्यात ठेवलं.

शुक्रवारी तो टीव्ही बदलायला निघाला. या खेपेला हिरानं सासूलाच सोबत धाडलं. मुल्लाणीभाईंनी दोन-चार बटणं दाबून मशीन आणि टीव्हीची जोडणी केली, मग टीव्हीचा आवाज बंद केला. दुकान शांत झालं. आणि सोनाबाई खुर्चीत बसून एकटीच हसायला लागली.

केरबा घाबरला. "भाई, टीव्ही मुका निघाला. आणि आई बिघडली."

"गप रे," म्हातारी म्हणाली. "मालिकेतली सून सासूला काय सुनावतेय, ते ऐकू दे."

तिचे डोळे भरून आले होते. किती वर्षांनी शब्द न् शब्द तिच्या कानात पडत होता. ते बघून केरबालाही भरून आलं. कळलं काहीच नाही.

"घरच्यांना ऐकायचं असेल तर रिमोटनं आवाज वाढवा," मुल्लाणीभाई म्हणाले. "आजींच्या कानात आहे तेवढाच राहील."

शनिवारी चार वाजता अख्खी आळी केरबाच्या घरात. म्हातारी सगळ्यांत पुढे, नव्या लुगड्यात. खेळाडू मैदानाच्या कडेला उभे राहिले. सोनाबाई एकटी मान डोलावत होती.

"हिरा, आम्हालाही ऐकव की!" मागून कुणीतरी ओरडलं.

हिरानं रिमोटचं बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. रिमोट तळहातावर आपटला. पुन्हा दाबलं.

"काय मेलं झालंय! हा टीव्ही ऐकतच नाही!"

केरबानं मान वर केली. ऐकत नाही? त्याला एकदम आपली जबाबदारी आठवली. तो उठला आणि आईपुढे हात केला. "आई, मशीन दे जरा."

पुसून देणार असेल, असं वाटून म्हातारीनं काढून दिलं.

तेवढ्यात पडद्यावर सारिका मैदानात उतरली. आळीनं एकच गिल्ला केला. सोनाबाई भांबावून इकडंतिकडं बघायला लागली. "नाव घेतलं का गं? मला काहीच ऐकू येईना!"

हिरानं तिचे कान बघितले. दोन्ही रिकामे. दुसरं काही सुचेना, म्हणून ती प्लास्टरचा पाय ओढत पुढे सरकली आणि सासूच्या कानाला तोंड लावून जीव खाऊन ओरडली, "सारिका केरबा पिसाळ!"

म्हातारीचा चेहरा फुलला. हिरानं घाम पुसला. "अहो! मशीन कुठाय?"

केरबा टीव्हीच्या मागून बाहेर आला. टीव्हीच्या पाठीला दोन भोकं होती. दोन्हींत मशीन घट्ट बसवलं होतं.

"ज्याला ऐकू येत नाही, त्याला घातलं."

हिरानं रिमोट उगारला.

"तू चिडू नकोस त्याच्यावर," केरबा समजुतीनं म्हणाला. "पहिले चार दिवस मशीन सगळ्यांनाच जड जातं." मग तो टीव्हीसमोर उकिडवा बसला, तोंड अगदी जवळ नेलं आणि सावकाश, मोठ्यांदा म्हणाला, "आ... वा... ज... वाढव!"