टिकल्या आणि गाठीकडची वाटी

पोटगावात टिकल्याएवढा शूर शिपाई नाही! म्हणजे, जंतू दिसला की आधी डोळे गच्च मिटतो. पण शूरच हो.

टिकल्या म्हणजे इवलीशी पेशी. आपल्या पोटात राहणारी. काम काय? राखण. खाऊ काय? साखरेचा एकच खडा.

शेजारी राहायची एक गाठ. ढब्बू. हावरट. एके दिवशी आली आणि, गट्टम्! टिकल्याचा खडा गिळला.

"माझा खडा दे!"

"नाही जा! मी अजून फुगणार. मग पिल्लं धाडणार फुफ्फुसगावी!"

खडा नाही, तर बळ नाही. आता राखण कोण करणार?

डुगुडुगु, डुगुडुगु. टिकल्या गेला धागे विणणाऱ्या धागेकाकांकडे.

"काका, काका, गाठीला पेज देऊ नका. गाठ वाळेना, खडा मिळेना!"

"अरे, ती म्हणते मी आजारी! चरबीमावशी तूप धाडते. मीच आधी थांबलो, तर गाव काय म्हणेल? मावशी थांबली, तर मी थांबेन."

(गावाचं काय, गाव नेहमीच काहीतरी म्हणतं!)

डुगुडुगु, डुगुडुगु. टिकल्या गेला गुबगुबीत चरबीमावशीकडे.

"मावशी, मावशी, गाठीला तूप देऊ नकोस. काका थांबेनात, गाठ वाळेना, खडा मिळेना!"

"अगंबाई! नळीताई साखरपाणी धाडते. मीच हात आखडता घेऊ? ताई थांबली, तर मी थांबेन."

डुगुडुगु, डुगुडुगु. टिकल्या गेला नळीताईकडे. तिच्यातून रक्त वाहतं, झुळुझुळु.

"ताई, ताई, गाठीला साखरपाणी देऊ नकोस. मावशी थांबेना, काका थांबेनात, गाठ वाळेना, खडा मिळेना!"

"माझी वाटी गाठीकडेच आहे. शेजाऱ्याची वाटी रिकामी परत करतात का कुणी? जा, घेऊन ये. रिकामी आली, तर मी थांबेन."

टिकल्याने डोळे मिटले. एक उघडला. डुगुडुगु, डुगुडुगु. पोचला की गाठीच्या दारात!

"ताईची वाटी दे!"

गाठीने वाटी चाटली. पुसून चाटली. भिरकावली. टण्ण!

टिकल्याने ती डोक्यावर घेतली. वाटी मोठी, टिकल्या छोटा. पण आणली पठ्ठ्याने!

"रिकामी?" नळीताई म्हणाली. "साखरेचा एक कणसुद्धा नाही?"

मग ताई थांबली. ताई थांबली, मावशी थांबली. मावशी थांबली, काका थांबले. काका थांबले, गाठ वाळली. फुस्स्स! खडा बाहेर आला. कुडुम कुडुम! टिकल्याने खाल्ला.

गाठ उरली मोहरीएवढी. चिरक्या आवाजात म्हणाली, "टिकल्या, शेजारी ना रे आपण? वाटीभर काहीतरी पाठव की!"

टिकल्या म्हणाला, "आधी तू पाठव. भरून!"