पॅलेडियमबाईंचे पाहुणे

फार वर्षांपूर्वी एका प्रयोगशाळेत पॅलेडियमबाई नावाचा धातूचा पत्रा राहत असे. हायड्रोजनची चिमुकली पोरं दिसली की बाईंना राहवत नसे. "या, आत बसा," म्हणत त्या सगळ्यांना पोटात घेत आणि टम्म फुगत. पोरं गेली की अंग वेडंवाकडं होई. एक दिवस तर कडेला तडाच गेला.

"आता मला भंगारात टाकतील," बाई रडू लागल्या.

शेजारच्या चांदीमावशी म्हणाल्या, "मला तुझ्यात मिसळून घे."

दोघी भट्टीत वितळून एक झाल्या. पोरं पुन्हा आली, तेव्हा मावशींनी सांगितलं, "जरूर या, पण मुक्काम ठोकू नका. मागचं दार उघडंच आहे."

पोरं रांगेनं आत शिरली आणि खिदळत पलीकडे गेली. बाईंनी घाबरत अंग चाचपलं. ना फुगवटा, ना तडा.

"अगंबाई," त्या पुटपुटल्या, "कुणी रुसलंसुद्धा नाही."